तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्याकडे बबल-आय का नाही

"इतकी वर्षं गोल्डफिश पाळता, मग टँकमध्ये सगळे एकशेपटीचे, साध्या घडणीचे कॉमेट आणि शुबुंकिनच कसे? एकही रांचू नाही, बबल-आय नाही?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते. रांचू आणि बबल-आय या गोल्डफिशच्याच जाती, माणसाने निवडून घडवलेल्या, दोघांच्याही पाठीवर पर नसतो. असे मासे पाळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मीही पाळलाय.

माझा बबल-आय. डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या दोन नाजूक पिशव्या, पाठीवर परच नाही. दाणे टाकले की तो शोधत राहायचा आणि बाकीचे खाऊन मोकळे व्हायचे. मग मी चिमटीतून त्याच्या तोंडाशी दाणा धरायचे. एका सकाळी त्याची डावी पिशवी फिल्टरच्या नळीत ओढली गेलेली दिसली. फिल्टर बंद केला, मासा सुटला, पण पिशवी फाटली होती. नळीच्या तोंडाला स्पंज लावायचा असतो, हे मला ठाऊक होतं. उद्या लावू, उद्या लावू करत आठवडा गेला होता. रोज पाणी बदललं, वेगळं ठेवलं. तो एका अंगावर कलून पोहायचा. जखमेवर कापसासारखी बुरशी धरली आणि अकराव्या दिवशी तो गेला.

तेव्हा मी म्हणायचे, चूक माझी, माशाच्या जातीची नाही. अजूनही चूक माझीच म्हणते. पण साधी नळी ज्याच्या जिवावर उठते, असा मासा घडवला कुणी?

आपणच. चीनमध्ये सोंग राजवटीत (दहावं ते तेरावं शतक) तळ्यांत पाळलेले हे गोल्डफिश मूळचे करडे-हिरवट. त्यातले लाल-सोनेरी वेचून जपले गेले. पुढे मिंग राजवटीत (चौदावं ते सतरावं शतक) ते भांड्यांत आले. मासा वरून बघायचा, म्हणून रुंद अंग, पसरलेली शेपटी आवडू लागली. दुहेरी शेपटी कॉर्डिन नावाच्या जनुकातल्या बदलामुळे येते, हे २०१४ साली संशोधकांनी दाखवलं. नदीत असं पिल्लू फार टिकलं नसतं. भांड्यात त्याचीच पैदास वाढवली.

यावर मला ऐकवतात, "तुमच्या कॉमेटचा केशरी रंग तरी कुठे निसर्गाचा?" खरं आहे. तळ्यात सोडला तर बगळा आधी त्यालाच उचलेल. मी रेघ मारली ती पाठीवरच्या परापाशी: पर असलेला, सरळ पोहणारा मासाच आणायचा. पण पर तर ओरांडा या दुहेरी शेपटीच्या, डोक्यावर मांसल गाठी असलेल्या गोल्डफिशलाही असतो, आणि माझ्याकडे तोही नाही. याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.