एक दिवसाआड: बाळासाठी प्रयत्न करतानाचा माझा अनुभव

बाळासाठी प्रयत्न करायचं ठरलं तेव्हा जवळच्या बायकांनी सांगितलं होतं, पाळी सुरू झाल्यापासूनचा चौदावा दिवस धरायचा आणि त्याआधी आठवडाभर लांब राहायचं, म्हणजे शुक्राणू साठतात. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत दोन्ही गोष्टी खोडून काढल्या.

चौदावा दिवस साधारण 28 दिवसांच्या पाळीला लागू पडतो. स्त्रीबीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत अंदाजे 14 दिवस जातात, म्हणून पाळी 32 दिवसांची असेल तर तो दिवस अठराव्याच्या आसपास येतो. माझी पाळी लांबणारी आणि दर महिन्याला थोडी पुढेमागे होणारी, त्यामुळे एकच दिवस धरून बसण्यात अर्थच नव्हता.

मला खरा धीर आला तो पुढचं ऐकून. स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, पण शुक्राणू गर्भाशयमुखाच्या अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे ते आधीच पोचून वाट पाहत असले तरी चालतं, किंबहुना तेच बरं. गर्भ राहू शकेल असे दिवस सहाच: ओव्ह्युलेशनचा, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. त्या काळात रोज किंवा एक दिवसाआड संबंध आला की पुरे. दिवस मोजायचे नसतील तर महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी. आणि साठवण्याचं म्हणाल, तर फार दिवसांच्या खंडाने शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते.

आम्ही एक दिवसाआड निवडलं. पाळी थांबल्यावर थोड्या दिवसांनी सुरुवात करायची आणि ओव्ह्युलेशन उलटून जाईपर्यंत सुरू ठेवायचं. सुरुवातीला मी एलएच किट वापरलं, म्हणजे ओव्ह्युलेशनच्या आधी वाढणारं एलएच हार्मोन लघवीत तपासणारं किट. ते पॉझिटिव्ह आलं की साधारण दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडतं. पण किटवर दोन गडद रेघा दिसल्या की घरातलं वातावरणच बदलायचं. नवरा दमून आलेला असो की माझं डोकं दुखत असो, आज व्हायलाच हवं. एका रात्री त्याला जमलं नाही आणि आम्ही दोघं पाठ फिरवून झोपलो. त्यावर उघडपणे बोलायला पुढे बरेच दिवस गेले. ही बाजू कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. परवाच संबंध आला असेल तर आजचा दिवस चुकल्याने तो महिना वाया जात नाही, हे त्या रात्री आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

नंतर किट बाजूला ठेवलं. स्राव पातळ, पारदर्शक, अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा झाला की ते दिवस आले, एवढी खूण मला पुरली. संबंधानंतर पाय वर करून पडून राहण्याची गरज नसते. थोडं वीर्य बाहेर येतं, त्याने काही बिघडत नाही. कोरडेपणासाठी साधं ल्युब्रिकंट मात्र टाळा, त्यातली बरीचशी शुक्राणूंना मारक असतात. फॉलिक अॅसिडची रोजची 400 मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांनी आधीपासूनच सुरू केली होती.

काही महिन्यांनी मला दिवस गेले. किट सोडलं, ताण गेला, म्हणून झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांना वाट पाहावी लागते त्यांना 'ताण घेऊ नकोस' हे ऐकून किती लागतं, ते मी माझ्या मैत्रिणीत पाहिलं आहे. सगळं वेळेवर करूनही बहुतेक जोडप्यांना काही महिने लागतात. वर्षभर प्रयत्न करून जमलं नाही, किंवा बाईचं वय 35 च्या पुढे असून सहा महिने झाले, तर तपासणीला जा. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. आणि जाताना दोघं जा. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी असते, त्याआधी फक्त दोन ते सात दिवसांचा खंड लागतो. बाईच्या सगळ्या तपासण्या उरकेपर्यंत ती मागे ठेवू नका.