भरतीची वेळ आणि लेकीची झोप : तळकोकणच्या सहलीची आखणी

लहान मुलाला घेऊन मालवण-वेंगुर्ल्याकडे जायचं तर खोली, गाडी, बघायची ठिकाणं हे सगळं नंतर. आधी पंचांग उघडावं. मुहूर्तासाठी नव्हे, भरती-ओहोटीसाठी. तिथे मुलाचा सगळा जीव पाण्याकडे असतो, आणि पाणी आपल्या वेळापत्रकाने येत नाही.

ही युक्ती माझ्या सासूबाईंची. त्यांचं माहेर आचऱ्याचं. आमची लेक यंदा पहिलीत आहे. तिच्यासोबतची ही सहल ठरवायला आम्ही बसलो तेव्हा मी फोनवर हवामान बघत होते आणि आईंनी कालनिर्णय खाली काढून विचारलं, "पोचणार त्या दिवशी तिथी कोणती?" कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यात सहा तास मिळवा किंवा वजा करा, की पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते, म्हणून हे पाऊण तासाचं गणित जमतं. काही मिनिटं इकडेतिकडे होतात. नेमकी वेळ हवी तर बंदरावर विचारावं किंवा भरतीचा तक्ता बघावा. पण दोन महिने आधी तारखा ठरवायला पाऊणपट पुरते.

आता हे मुलाच्या दिवसाशी लावून बघा. आमची लेक सहाला उठते, दहापर्यंत तिच्यात प्रचंड उत्साह असतो, एकनंतर तिला झोप लागतेच आणि संध्याकाळी पाचला ती पुन्हा ताजी. म्हणजे सकाळी आठ ते साडेदहा या वेळेत ओहोटी हवी. त्या वेळी किनारा रुंद होतो, ओली घट्ट वाळू मिळते, खडकांतल्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात खेकडे, शंख, छोटे मासे दिसतात. चतुर्थीला सकाळी नऊला ओहोटी, पंचमीला पावणेदहाला, षष्ठीला साडेदहाला. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. तिथून अष्टमीकडे जाताना जोर कमी होत जातो, त्याला तिकडे भांग म्हणतात. चतुर्थी ते षष्ठी हे दिवस धरले तर ओहोटी सकाळी मिळते आणि समुद्रही दिवसागणिक मवाळ होत जातो. महिन्यात अशा दोन संधी येतात.

यातली एक संधी आपल्याला सणाबरोबर आयतीच मिळते. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. शाळेला सुट्टी असतेच. भाऊबीज घरी करून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निघालं की बरोबर चतुर्थी-पंचमीला आपण किनाऱ्यावर. पावसाळ्यात बंद असलेली किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ तोवर सुरू झालेले असतात, डोंगर अजून हिरवे असतात, कुठेकुठे भातकापणी चालू असते. मे महिन्यात आंबा-फणस मिळतो हे खरं. पण दमट उकाड्यात मूल दिवसभर पंख्याखाली पडून राहतं, आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्याही बंद असतात. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर फेब्रुवारी-मार्च गाठावे लागतात. ते मला फार हवं आहे, पण तेव्हा शाळेच्या परीक्षा. फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी बघावी. ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते आणि त्या सुमारास रेल्वेत, रस्त्यावर, खोल्यांत कुठेही जागा नसते.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. साठ दिवस म्हणजे जवळपास दोन चांद्रमास. तेव्हा कार्तिक शुद्ध चतुर्थीच्या गाडीचं आरक्षण उघडतं हरितालिकेच्या आसपास. घरात गणपतीची आरास चाललेली असताना एकाने सकाळी आठ वाजता फोन घेऊन बसायचं, हे आमच्याकडे आधीच वाटून दिलेलं काम आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागतं, बर्थ नको असेल तर अर्धं. आम्ही पूर्ण घेतो. मूल मांडीवर घेऊन दहा तास काढणं कुणालाच सुखाचं नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू आहे का, तेही बघावं, कारण त्यात गाड्यांच्या वेळा बदलतात.

जाताना दिवसाची गाडी, हा माझा हट्ट. मांडवी एक्सप्रेस सकाळी मुंबईहून सुटते आणि संध्याकाळकडे कुडाळला पोचते. रात्रीच्या गाडीने वेळ वाचतो असं सगळे म्हणतात, पण मग १९९८ साली पूर्ण झालेला हा मार्ग मुलाला दिसणार कधी? रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा आहे, साडेसहा किलोमीटर लांबीचा. रत्नागिरी सोडल्यावर पानवलचा पूल, उंची ६४ मीटर. लेकीला एका वहीत बोगद्यांची बेरीज ठेवायला दिली आहे : बोगदा आला की एक उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. पहिलीतल्या मुलाला तेवढं काम दिवसभर पुरतं.

राहायला घरगुती न्याहारी निवास बघतो. फोनवर माझे प्रश्न ठरलेले असतात. आवारात विहीर आहे का, आणि तिला कठडा किंवा जाळी आहे का? (कोकणातल्या घरात विहीर असायचीच, म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी.) घर आणि किनारा यांच्यामध्ये रहदारीचा रस्ता आहे का? मुलीला संध्याकाळी सातला साधा वरणभात मिळेल का? रात्री आवारात दिवा असतो का? शेवटचा प्रश्न साप-विंचवासाठी. कुणीही हसत नाही, उलट बहुतेक ठिकाणी पलीकडून एखादी काकू स्वतःच फोन हातात घेऊन तपशील सांगते. ज्या घरी विहिरीबद्दल नीट उत्तर मिळालं नाही ते घर मी यादीतून काढलं, फोटो कितीही सुंदर असले तरी. समुद्र दिसणारी खोली मागताना तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी घेऊ नये. मुलासोबत तळमजला, पडवी आणि अंगण हेच सोयीचं.

मुक्काम दोनच. आधी मालवण-तारकर्ली, मग वेंगुर्ला. नवऱ्याच्या बहिणीने पाठवलेल्या यादीत देवगड, विजयदुर्ग, आंबोली, रेडी आणि वर गोवा होता. तळकोकणचे रस्ते चढउताराचे आणि वळणांचे, नकाशात तीस किलोमीटर दिसले तरी मुलाला घेऊन तास धरावा. वळणांवर लेकीला मळमळतं, म्हणून आंबोलीचा घाट पहिल्याच झटक्यात बाद केला. त्या घाटाचं खरं वैभव पावसाळ्यात आहे, त्यासाठी ती थोडी मोठी झाल्यावर वेगळं जाऊ.

दिवसाला ठरलेली गोष्ट एकच, तीही सकाळी. दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी किनारा. यात बदल नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला एक सकाळ पूर्ण दिली आहे. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते आणि साधारण तासाभराने परत आणते, म्हणून पहिल्या होड्यांपैकीच एक गाठायची. ४८ एकरांचा किल्ला तासात बघून होत नाही, सहा वर्षांच्या पायांनी तर नाहीच. म्हणून आत काय बघायचं ते आत्ताच ठरवलंय. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव : चहूकडे खारं पाणी असताना मधोमध या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. आणि महादरवाजा, जो होडीतून अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. लेकीला सांगून ठेवलंय की दरवाजा आधी तू शोधायचा. १६६४ साली बांधकाम सुरू झालं आणि तीनेक वर्षांत पूर्ण झालं, ही माहिती मी तिला रात्री झोपताना गोष्टीतून थोडी थोडी देते आहे. तिचा सध्याचा प्रश्न, "एवढे दगड होडीतून नेले, मग होडी बुडली कशी नाही?" आजी त्यावर उत्तर तयार करते आहे.

देवबागचा संगम आणि तिथला त्सुनामी आयलंड सगळे सुचवतात. ओहोटीला खाडीच्या मुखाशी वाळूचा पट्टा उघडा पडतो, तिथे होडीने नेतात. जागा अपार सुंदर आहे. पण माझं स्पष्ट मत : लहान मुलाला तिथे पाण्यात सोडू नये. ओहोटीच्या वेळी कर्ली नदीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत असतं आणि वरून ते शांत दिसतं. होडीत बसून संगम बघायचा, कोरड्या वाळूवर खेळायचं, बस. होडीत मोठ्यांचं लाइफ जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून येतं. म्हणून तिच्या वजनाचं, पायांमधून पट्टा येणारं जॅकेट आम्ही घरूनच नेणार आहोत. स्कूबाचा विषयच नाही. पाडीसारख्या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेचा मुलांसाठीचा पहिला अनुभवसुद्धा आठव्या वर्षापासून आणि दोन मीटर खोलीपर्यंतच असतो. किनाऱ्यावर संध्याकाळी पाणी उतरत असेल तर घोट्याच्या वर जायचं नाही, हा नियम तिने स्वतः वहीत लिहिला आहे.

कुडाळहून मालवणकडे जाताना धामापूरला थांबायचं. १५३० सालचा तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. तिथे काहीच करायचं नाही, पायऱ्यांवर बसायचं.

मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना मात्र मी मुद्दाम कुडाळवरून वळसा घेतला, पिंगुळीसाठी. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन सांगितलेली गोष्ट, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे अजून जिवंत आहेत. परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्याने तिथे संग्रहालय उभं केलं आहे. खेळ बघायचा तर आधी फोन करून विचारावं, कारण बाहुल्या नाचवणारी माणसं असायला हवीत. सगळ्या सहलीतली माझी सगळ्यात आवडती जागा हीच. समुद्र मुलाला कुठेही भेटेल. पण दोरीवर चालणारं रामायण, गाणारा माणूस पाच फुटांवर बसलेला, हे तिने या वयात बघावं असं मला मनापासून वाटतं. याला ठिकाण म्हणून उरकू नये, निवांत दोन तास द्यावेत.

औषधांत ओआरएस, उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, डासांचं मलम, जखमेचं सामान. जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, दोन्ही मुक्कामांपासून तिथवरचा रस्ता आधीच बघून ठेवला. मागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, खडकांवर साध्या चपला निसटतात. जेवणाचं म्हणाल तर मालवणी मसाला तिला झेपत नाही, पण घावणे-चटणी, शिरवाळे आणि रस, उकड्या तांदळाची पेज, काटे कमी म्हणून सुरमई यांवर ती आनंदाने राहील.

परतीची गाडी सावंतवाडीहून, आणि ती मात्र रात्रीची. तुतारी एक्सप्रेस तिथूनच सुटते, त्यामुळे धावपळ न करता चढता येतं आणि मूल अंथरुणावर पडल्या पडल्या झोपतं. त्या दिवशी दुपारी चितारआळीत लाकडी खेळणी बघायची, राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते बघायचे आणि मोती तलावाच्या काठाने स्टेशनकडे रिक्षा. लेकीने खेळण्यांची यादी आत्ताच केली आहे, त्यात लाकडी फळं आणि बैलगाडी आहे. बॅगेत तेवढी जागा मोकळी ठेवायची, हे माझ्या यादीत आहे.