तुम्ही विचारलंत म्हणून: अजून रोल कशाला?

"फोनवर एवढे छान फोटो येतात, मग अजून रोल कशाला भरता?" लग्नात विचारतात, टेकडीवर विचारतात, परवा तर बँकेच्या रांगेत एका काकांनी गळ्यातला पेन्टॅक्स के-१०००, म्हणजे माझा रोलचा कॅमेरा, बघून विचारलं. रांगेत उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथं सविस्तर लिहिते.

आधी मान्य करते की फोनचे फोटो वाईट नसतात. कमी उजेडात तर माझ्या रोलपेक्षा फोनलाच जास्त दिसतं. शिवाय रोल महाग झालाय. घरी धुतला तरी एका फोटोमागे तीसेक रुपये पडतात. जुन्या फोटोंसारखा दाणेदारपणा हवा म्हणून मी हे करत असते, तर फोनमधल्या फिल्टरवर माझं भागलं असतं.

माझ्यासाठी मोठी गोष्ट ही की निगेटिव्ह त्या जागी स्वतः हजर असते. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. शटर उघडून उजेड पडला की त्या कणांवर चांदीचे अगदी मोजके अणू तयार होतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्र उमटलेलं असतं. डेव्हलपर हे रसायन नंतर त्या अख्ख्या कणाची चांदी करतं, आणि उजेड न लागलेले कण हायपो नावाच्या दुसऱ्या द्रावणात विरघळून निघून जातात. म्हणजे आजीच्या चेहऱ्यावरून निघालेला उजेड ज्या पट्टीवर पडला, तीच पट्टी आज माझ्या हातात असते. तिची नक्कल नव्हे, तीच. हा विचार मनात आला की मी आजही निगेटिव्ह कडेनंच धरते.

हे सगळं मी घरी, पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरात करते. काळ्या पिशवीच्या बाह्यांत दोन्ही हात घालायचे, आत न बघता रोल उघडायचा आणि अंगठ्यांनी कडा चाचपत फिल्म रिळावर चढवायची. मे महिन्यात तळव्यांना घाम येतो, फिल्म चिकटते, मध्येच अडकते. तेव्हा हात बाहेर काढता येत नाहीत. शांत राहून पुन्हा मागे उलगडायची आणि पहिल्यापासून चढवायची. एचपी-५ या काळ्यापांढऱ्या फिल्मला डी-७६ या डेव्हलपरच्या मूळ, पाणी न वाढवलेल्या द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. आमच्या नळाचं पाणी उन्हाळ्यात ३०च्या घरात असतं. मग परातीत बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवायच्या आणि थर्मामीटरवर नजर ठेवायची. शेवटी रीळ ठेवलेल्या टाकीचं झाकण उघडून ओली पट्टी उलगडताना पहिली चौकट दिसते, त्या क्षणासाठी मी हे पंचवीस वर्षं करते आहे. माझ्या बोटांना अजून तेवढीच घाई होते.

डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकचा, १९२७ सालचा. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स एवढाच मसाला. सूत्र सगळ्यांना माहीत आहे, कुणीही घोटून करावं. याचं महत्त्व मला कोडाक्रोमच्या शेवटी कळलं. ती रंगीत फिल्म धुण्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की घरी करण्याचा प्रश्नच नव्हता. कोडॅकनं २००९ साली ती फिल्म बनवणं बंद केलं आणि जगातल्या शेवटच्या लॅबनं, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या पार्सन्स गावच्या, २०१०च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं. त्यानंतर कुणाच्या कपाटात न धुतलेला रोल सापडला तर त्यातले रंग गेलेच. कोडॅकनं २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा मला सगळ्यांनी सांगितलं की आता कॅमेरा शोकेसमध्ये ठेव. काळ्यापांढऱ्या रोलवर माझा जो विश्वास आहे तो डी-७६मधल्या या चार पदार्थांमुळे. उद्या डब्यातला डेव्हलपर मिळाला नाही तर मी तोलून घरी करीन.

निगेटिव्हही अमर नाही, हे खरं. दमट हवेत तिला बुरशी लागते. कोकणातल्या नातेवाइकांच्या कितीतरी पाकिटांत मी नुसते डाग बघितलेत. पण माझ्या वडिलांचं पाकीट वाईला कोरड्या फडताळात राहिलं, आणि खरं उत्तर त्या पाकिटात आहे.

बाबांकडे आगफा क्लिक थ्री होता. फोकस करायची भानगड नाही, एका रोलवर १२ चौकोनी फोटो. १९७४च्या उन्हाळ्यात त्यांनी त्यात उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल भरला आणि आजीचा ओट्यावर बसलेला फोटो काढला. स्टुडिओनं निगेटिव्हच्याच मापाची, सव्वादोन इंची कॉपी करून दिली. अल्बममध्ये ती कायम होती: मध्ये आजी, मागे उघडं दार, दारात काळोख. आम्ही सगळ्यांनी ती शेकडो वेळा बघितली असेल.

बाबा गेल्यावर मी ती निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे मोठी कॉपी काढायच्या यंत्रात, लावली. पहिल्या कॉपीत दार काळंच आलं. मग भिंगातून बघितलं, तर दाराच्या जागी, जिथं काळोख कोरा दिसायला हवा, तिथं निगेटिव्ह अगदी कोरी नव्हती. काहीतरी पुसट होतं. कागदावर उजेड टाकताना तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती मी दारावर हलवत धरली, तेवढा भाग कमी काळा व्हावा म्हणून. कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडला. लाल दिव्यात आधी आजीच्या लुगड्याचा काठ आला, मग ओट्याची कड. मग दारात एक परकर, वर हात, चौकटीला टेकलेलं डोकं. सतरा वर्षांची माझी आत्या.

आत्याचा लग्नाआधीचा एकही फोटो घरात नव्हता. बाबांना कॅमेऱ्यातून ती दिसली नव्हती, स्टुडिओवाल्याला दिसली नव्हती, आम्हाला तर नाहीच. फिल्मला ती दिसली होती आणि फिल्मनं तिला चाळीसच्या वर वर्षं धरून ठेवलं. सावलीतलं फोनही टिपतो, मला ठाऊक आहे. पण मी २००६ साली सीडीवर ठेवलेले फोटो आज उघडत नाहीत, आणि उजेडाकडे धरून त्या सीडीत काय आहे ते मला बघता येत नाही.

कॉपी सुकली तशी मी वाईला गेले. आत्यानं चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग दारातल्या त्या मुलीवर बोट ठेवून म्हणाली, "दादा म्हणाला होता, हे जुनं परकर-पोलकं नको, चांगलं नेसून ये, मग तुझा काढतो. मी नेसून आले तोवर रोल संपला होता गं."