सकाळी सहाची गोळी

श्रावणातला सोमवार, दवाखान्यात फारशी गर्दी नव्हती. "मॅडम, बसू का?" आवाज ओळखीचा वाटेना म्हणून मान वर केली, तर शाळेतल्या बाई. घोगरा, जड आवाज. तीन महिन्यांपूर्वी याच बाई खणखणीत बोलत होत्या.

वय 46. थायरॉईडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी एमडी डॉक्टरांनी आधीच चालू केलेली, टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा, 5 च्या आसपास. माझ्याकडे तेव्हा आल्या त्या बद्धकोष्ठता, पायांवरची सूज आणि थकवा घेऊन, हिमोग्लोबिन 9.2. "ती गोळी सोडवून आपलं आयुर्वेदिक काहीतरी द्या," असा आग्रह होताच. मी साफ नाही म्हटलं. ग्रंथीच कमी पडत असेल तर ते हार्मोन बाहेरून द्यावं लागतं, तिथे माझं सुंठ-मिरी-पिंपळीचं त्रिकटू चालत नाही. कांचनार गुग्गुळही दिला नाही. थायरॉईड म्हटलं की हल्ली शेजारीण सुद्धा तो सुचवते. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर, त्यांनी तो सांगितलाय गंडमाळेसाठी, म्हणजे गळ्यातल्या गाठींसाठी, आणि बाईंच्या गळ्याला हाताला काहीच लागत नव्हतं. मग रात्रीचं जेवण सातच्या आत, दुपारची झोप बंद, रात्री दही नाही. आणि पांडुता, म्हणजे रक्त कमी असल्याचा फिकटपणा, नि सूज दोन्ही दिसत होती म्हणून पुनर्नवा मंडूर.

त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. दीड महिन्यापूर्वी टीएसएच 14 आला म्हणून डॉक्टरांनी डोस 75 केलेला, तरी आता 21.

नाडी 54. पापण्या सुजलेल्या, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं आणि टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली. पाऊल झटकन हललं, पण मागे येताना असं रेंगाळलं, जणू झोपेत कूस बदलतंय. सगळ्या थायरॉईड कमी पडल्याच्याच खुणा.

"गोळी चुकते का हो कधी?"

बाईंना राग आला. "एक दिवस नाही! रोज सकाळी सहाला, उपाशीपोटी."

"आणि बाकीच्या?"

"त्याही तेव्हाच. कोमट पाण्याबरोबर सगळ्या एकदम. पुन्हा दिवसभर लक्षात कोण ठेवणार?"

पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. पांढऱ्या बाटलीशेजारी माझी काळी डबी. मंडूर म्हणजे लोहकीट, लोखंडच की! लोह आणि त्या गोळीतलं थायरॉक्सिन आतड्यात एकमेकांना धरून बसतात आणि गोळी रक्तात पुरती उतरत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. शंखभस्म, प्रवाळ यांतल्या कॅल्शियमचंही तेच. मंडूर ताकाबरोबर द्यायचा, हे अनुपान मला कॉलेजपासून पाठ. पण माझ्या चिठ्ठीवर नुसतं लिहिलेलं: एक-एक, सकाळ-संध्याकाळ.

अक्षर माझंच होतं.

बाईंसमोरच डॉक्टरांना फोन लावला. माझी चूक सांगितली. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "मीही विचारलं नाही हो, तुमच्याकडचं काय चालू आहे ते." 75 तसाच ठेवायचा ठरलं. मंडूर दुपारी, जेवणानंतर ताकाबरोबर. सकाळचा चहासुद्धा गोळीनंतर तासाभराने. बाईंना हेच सगळ्यात जड गेलं.

आठ आठवड्यांनी टीएसएच 3.4. रिपोर्ट माझ्या हातात देत बाईंनी त्यांच्या जुन्या, वर्गातल्या आवाजात विचारलं, "मग आता रात्री दही चालेल ना?"

"नाही."