शॅम्प्लेनच्या खोऱ्यात सायडर काढताना

बॉस्टनहून निघून ग्रीन माउंटन्स ओलांडले की रस्ता शॅम्प्लेन सरोवराकडे उतरतो आणि सफरचंदाच्या बागा सुरू होतात. अमेरिकेतल्या व्हर्मॉंट राज्याच्या या खोऱ्यात माझी मावसबहीण राहते. घरचा सायडर काढायला ऑक्टोबरमध्ये ये, असं ताई कधीपासून म्हणत होती. यंदा आईला घेऊन गेलो. इथला सायडर म्हणजे न आंबवलेला, न गाळलेला, दाट तपकिरी रस.

शेडमध्ये तोडून ठेवलेल्या फळांचे क्रेट होते. झाडावरून काढली की लगेच पिळत नाहीत, दाजी म्हणाले. काही दिवस ठेवल्यावर उरलासुरला स्टार्च साखरेत बदलतो. अंगठ्याने दाबून किंचित खळगा पडला की फळ तयार.

निवडायचं काम आईने आपणहून घेतलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत झालं. जमिनीवर पडलेलं फळ घ्यायचंच नाही. बागेत हरणं फिरतात, त्यांच्या विष्ठेतून ई. कोलाय हा रोगजंतू येऊ शकतो. 1996 साली अमेरिकेत पाश्चराइझ न केलेल्या, म्हणजे तापवून जंतू न मारलेल्या, सफरचंदाच्या रसातून अशीच साथ पसरली होती आणि त्यात एक बाळ दगावलं होतं. बुरशी लागलेलंही बाजूला. तिच्यातलं पॅट्युलिन हे विष रस तापवूनही पुरतं जात नाही.

मग चव. मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाला सुवास आणि रस भरपूर, पण त्याचा एकट्याचा रस मला सपक लागला. नॉर्दर्न स्पायने आंबटपणा आला. खरी जान आणली खरखरीत, मळकट सालीच्या रॉक्सबरी रसेटने. दिसायला ओबडधोबड, पण आत गोडी गच्च भरलेली! तुरटपणासाठी मूठभर रानटी क्रॅब ॲपल. आई प्रत्येक मिश्रणाचा घोट घेई आणि सांगे, "आंबट अजून थोडं चालेल." तिच्या जिभेवर सगळ्यांनी भरवसा ठेवला.

भाची फळं भरडायच्या यंत्राचा दांडा फिरवत होती, मी वरून फळं टाकत होतो. भरडलेला लगदा कापडात गुंडाळून, मध्ये लाकडी जाळ्या घालत, दाजींनी प्रेसमध्ये थर लावले. स्क्रू एकदा आवळायचा आणि थांबायचं. धार मंदावली की पुन्हा थोडा. घाई केली तर कापड फाटतं आणि रस आतच अडकतो. हे थांबणं मला फार आवडलं. गप्पा तेवढ्यातच झाल्या, मावशीच्या आठवणीही निघाल्या. साधारण वीस किलो फळांचा दहा-बारा लिटर रस निघाला. पहिली धार फिकट असते. हवा लागताच फळातलं एन्झाइम काम करतं आणि रस बघता बघता तपकिरी होतो.

ताईने सगळा रस थर्मामीटर लावून 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला. सुवास जरा कमी झाला, पण घरात लहान मूल आणि म्हातारं माणूस असताना यात तडजोड नको. गार झाल्यावर बाटल्या भरल्या. फ्रीझरमध्ये जाणाऱ्या बाटल्या गळ्यापाशी रिकाम्या ठेवल्या, कारण गोठताना रस फुगतो.

चोथा खताच्या ढिगावर गेला. दुसऱ्या खेपेला आईने रसेट दुप्पट घालायला लावले, आणि तो सायडर पहिल्यापेक्षा नक्कीच सरस होता.