गिझर बसवायला निघाले आणि अर्थिंगपाशी अडले

मागच्या नोव्हेंबरात आई निफाडहून आमच्याकडे नाशिकला राहायला आली. गावी तिचा तांब्याचा बंब होता. इथे आम्ही बादलीत रॉड टाकायचो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती सहज म्हणाली, "पाण्यात बोट घातलं की मुंग्या येतात गं." रॉड चालू असतानाच ती पाणी किती तापलंय ते बघत होती! माझ्या पोटात गोळा आला. रॉड त्याच क्षणी बंद केला आणि दोन दिवसांत १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर आणला.

गिझर बसवायला आलेल्या मुलाने बाथरूमजवळचा तीन भोकांचा पॉइंट उघडला. आमची इमारत १९८६ची. वरच्या मोठ्या भोकामागे, म्हणजे अर्थिंगच्या जागी, वायरच नव्हती. रॉडमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला दुसरी वाट नव्हती, म्हणून ती ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या आईच्या अंगातून जात होती.

"ताई, न्यूट्रलचाच एक तुकडा अर्थिंगला जोडून देतो, सगळीकडे असंच करतात," तो म्हणाला. न्यूट्रल म्हणजे वीज परत नेणारी तार, फेज म्हणजे ती आणणारी. मी त्याला थांबवलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एवढं कळत होतं की असं केल्यावर पुढे कधी न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, तर फेज गिझरमधल्या तापणाऱ्या एलिमेंटमधून फिरून त्या तुकड्यावाटे थेट गिझरच्या अंगावर येणार. फ्यूजही उडणार नाही. कुणीतरी ओल्या हाताने नळाला हात लावेपर्यंत कळणारसुद्धा नाही. गिझर तसाच खोक्यात राहिला.

मग ओळखीतून परवाना असलेले एक वायरमन काका मिळाले. त्यांनी आधी मीटर रूम पाहिली आणि मग पार्किंगमधला अर्थिंगचा खड्डा शोधला. तो पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता, पट्टी गंजून तुटलेली. म्हणजे आमच्या एकट्याच्याच नाही, अख्ख्या इमारतीच्या अर्थिंगचा पत्ता नव्हता. सेक्रेटरींना मी खाली नेऊन ती पट्टी हातात धरून दाखवली. त्यानंतर मागच्या अंगाला काळ्या मातीत नवा खड्डा घ्यायला सोसायटी तयार झाली. काळी माती ओल धरते, म्हणून ती जागा काकांनीच निवडली. अर्थ टेस्टर लावल्यावर जमिनीचा विरोध साधारण ३ ओहम आला (जितका कमी तितका चांगला), तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

वर घरात मीटरपासून गिझरसाठी वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची लाइन ओढली आणि सोबत अर्थिंगची हिरवी वायर. २ किलोवॅटला २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आत करंट लागतो, तरी १६ अँपिअरचा पॉइंट आणि तेवढाच एमसीबी, म्हणजे आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किट सांभाळतो, माणसाला शॉक बसला तर तो पडत नाही. त्यासाठी बाथरूमच्या लाइनीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे तेवढी वीज गळली की पडणारा स्विच. फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम पकडले तर मात्र आरसीसीबीलाही काही कळत नाही, हे काकांनी दोनदा बजावलं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला त्या आरसीसीबीनेच. बाथरूमचा दिवा लावला की तो पडायचा. शेवटी सापडलं ते असं: दिव्याचा फेज नव्या लाइनीवर आला होता आणि न्यूट्रल मात्र जुन्या काळापासून बेडरूमच्या वायरीतून उसना घेतलेला. गेलेला करंट त्याच वाटेने परत येत नाही, म्हणजे गळती, असं समजून आरसीसीबी आपलं काम चोख करत होता. एक शेजारी म्हणाले, काढून टाका ना तो. मला ते ऐकवेना. काकांनी दोन संध्याकाळी घालवून न्यूट्रल वेगळा केला.

जागेबाबतही ते ठाम होते. शॉवरखालची, जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंतची जागा आणि तिच्या आजूबाजूची ६० सेंटिमीटर, तिथे पॉइंट नको. गिझर शॉवरपासून लांबच्या भिंतीवर, उंच. स्विच बाथरूमच्या दाराबाहेर, दोन्ही तारा तोडणारा.

महावितरणच्या बिलावरचा मंजूर भारही या निमित्ताने पहिल्यांदा वाचला. तो कमी पडत होता, वाढवून घेतला.

शेवटी काकांनी १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये जोडला. बल्ब पेटण्याआधीच आरसीसीबी खटकन पडला, म्हणजे वीज अर्थिंगमधून जात होती. नुसत्या व्होल्टमीटरवर भरवसा नको, अर्धवट अर्थिंगलाही तो २३० व्होल्ट दाखवतो, असं ते म्हणाले. आता दर महिन्याच्या १ तारखेला मी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते. आईची आंघोळ व्हायच्या आत.

जुना रॉड भंगारवाल्याला द्यायचा होता. देण्याआधी त्याची वायर मुळापासून कापून टाकली, म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या बादलीत जाणार नाही.