चौथं प्रकरण झालं, आता शेवट अडलाय

मंडळी, पोरांसाठी लिहितेय त्या गोष्टीचं अपडेट देतेय. ९,२०० शब्द झाले, चौथं प्रकरण परवा रात्री संपलं, पण त्यासाठी तिसरं अख्खं उडवावं लागलं. फार वाईट वाटलं.

नवीन लोकांसाठी: गोष्ट मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला, सोचिमिल्कोच्या कालव्यांत घडते. मारिसोल, वय १०, शोलोत्ल या ॲझ्टेक देवाला शोधतेय. ॲझ्टेक (मेक्सिकोतले जुने लोक) कथेत सूर्य जागचा हलेना म्हणून सगळे देव स्वतःचा बळी द्यायला तयार होतात, हा एकटा नको नको म्हणत डोळे गळून पडेपर्यंत रडतो आणि पळून जातो. आधी मक्याच्या शेतात शिरून दोन ताटांचा मका होतो, तिथे सापडला की जोड मागुएय (आपल्या घायपाताचा भाऊबंद), आणि शेवटी पाण्यात अहोलोते, म्हणजे अॅक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, सॅलॅमँडर जातीचा उभयचर प्राणी). पोरांना फोटोतला गुलाबी माहितीये, पण तिथल्या कालव्यातला मूळचा काळपट असतो, गढूळ पाण्यात चटकन दिसत नाही, मला तर हवंच होतं ते.

तिसऱ्या प्रकरणात मी मारिसोलला जादूचा नकाशा दिला होता आणि तो मलाच पटत नव्हता. मग लक्षात आलं की खूण तर कथेतच आहे, शोलोत्ल जुळ्यांचा देव, तो जिथे लपला तिथे सगळं जोडीनेच उगवलं! म्हणजे मारिसोलने जुळं शोधायचं, बास. तिच्या घरी चिनांपावर (उथळ पाण्यात चिखल-माती रचून केलेल्या शेताच्या पट्ट्यावर) शेती आहे, तिथे रोपं करायची पद्धत इतकी सुंदर आहे ना, कालव्याच्या तळाचा चिखल काढून पसरतात, जरा आळला की आपण वड्या पाडतो तसे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनात एक बी. आता चौथ्या प्रकरणात एका चौकोनात एकाच बीमधून सेंपासुचिलची दोन रोपं येतात. सेंपासुचिल म्हणजे झेंडू, मूळचा तिकडचाच, त्यामुळे आपल्या पोरांना ते फूल ओळखीचं वाटेल.

आता अडलंय ते शेवटावर. मूळ कथेत तो पाण्यात पकडला जातो आणि मारला जातो. भाचीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मावशी, घाबरला म्हणून कुणी मारतं का?" मला मूळ कथा बदलायची नाहीये, पण तिला खोटं उत्तरही द्यायचं नाहीये. सध्या असं वाटतंय की मारिसोलला तो सापडावा आणि तिने घरी येऊन कुणालाच सांगू नये. या आठवड्यात तसं लिहून बघते, कच्चं वाचायला कोण तयार आहे ते सांगा.